चार दुपारींत बुजवलेली बावखलं

वसई-विरारची बावखलं बुजवायला बिल्डर मंडळींना कित्येक वर्षं खपावं लागलं. डंपर लागले, भरणीची माती लागली, कागदपत्रं लागली, ओळखी लागल्या. मी तेच काम चार दुपारींत उरकलं. पंख्याखाली बसून, लेंग्यावर, मधूनमधून चहा घेत. कुणाची हरकत आली नाही. उलट किती स्वच्छ काम केलंत म्हणून वाचनालयानं माझा सत्कार केला. नारळ आणि शाल. शाल अजून घरात आहे. मी ती पांघरत नाही. बायको ती इस्त्रीखाली अंथरते.

बावखल म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण इथं राहायला येऊन वीस वर्षं झाली तरी मलाही ते धड माहीत नव्हतं. वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं ते. विहिरीपेक्षा ऐसपैस, तलावाहून लहान, एका अंगानं उतरत गेलेलं, म्हणजे घागर घेऊन पाण्यापर्यंत चालत जाता यावं. समुद्र इतका जवळ, तरी पाणी गोड. केळीला, पानवेलींना, मोगऱ्याला तेच पाणी. पूर्वी इथल्या वाड्यावाड्यांतून अशी बावखलं होती. आता त्यांच्यावर आम्ही राहतो.

आम्ही म्हणजे माझ्यासारखे फ्लॅटवाले. गाव देशावर, नोकरी मुंबईत, आणि घर परवडलं ते वसईत. नोकरी छापखान्यातली, पण छापण्याची नव्हे. मी प्रोसेस खात्यात निगेटिव्ह साफ करायचो. काचेचं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट, काचेवर निगेटिव्ह आणि माझ्या हातात अगदी बारीक ब्रश. निगेटिव्हवर धुळीचा कण बसला की तिथे सुईच्या टोकाएवढं भोक पडतं आणि छापताना त्याचं कागदावर काळं टिंब उमटतं. ती भोकं रंगानं बुजवायची. तीस वर्षं मी दिवसभर भोकं बुजवली. हात इतका बसला की पुढे पुढे बघावंही लागेना. एकदा निवडणुकीच्या पोस्टरवर एका उमेदवाराच्या गालावरचा तीळ मी धूळ समजून उडवला. पोस्टरं भिंतींवर लागली तेव्हा त्याच्या बायकोनं छापखान्यात फोन केला, हे आमचे नव्हेत म्हणून. आम्ही आठवडाभर हसलो. त्यातून मी काहीतरी शिकायला हवं होतं. मी तो किस्सा लग्नाकार्यांतून सांगत सुटलो.

आता लिफ्ट. आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टच्या खड्ड्यात बारा महिने पाणी असतं. पावसाळ्यात असतं तसंच मे महिन्यातही असतं. ते उपसायला पंप बसवला, दोनदा वॉटरप्रूफिंग झालं, तीन प्लंबर येऊन तीन वेगवेगळे पाइप फोडून गेले. शेवटी सोसायटीची मीटिंग बसली, खाली पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. तिथे पहिल्या मजल्यावरचे आजोबा उठून उभे राहिले.

बिल्डिंग उभी आहे ती वाडी या आजोबांची. जमिनीच्या बदल्यात बिल्डरनं त्यांना इथेच दोन फ्लॅट दिले. वय चौऱ्याऐंशी. जुन्या ख्रिस्ती घरातले, बागायतदार. पांढरी पँट, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि पायात रबरी चपला. रोज पहाटे एकटे चालत चर्चमध्ये मिस्साला जात. खिशात घराची चावी काळ्या दोऱ्यात ओवलेली. ती ते सारखी चाचपत, रोजरीचे मणी ओढावेत तशी. मला ते ‘प्रेसवाले’ म्हणत. मी त्यांना बाबा म्हणायचो.

“पाइप नाय फुटला,” ते मीटिंगमध्ये म्हणाले. “खाली बावखल हाय आमचं. झरा जिता हाय. तुम्ही सिमेंट ओता नायतर सोनं ओता, पानी येनारच.”

सेक्रेटरी म्हणाले, “आजोबा, प्लॅनमध्ये तसं काही दाखवलेलं नाही.”

“प्लॅन बिल्डरचा. बावखल माज्या आज्यानं खनलेलं.”

“मग पाणी गोड असणार,” मागून कुणीतरी फिस्कारलं.

“चाखून बघा.”

चाखायला कोण जाणार? मीच गेलो. अशा ठिकाणी पुढे व्हायची मला खोडच आहे. लिफ्टमनकडून डबा घेतला, खड्ड्यात वाकलो, घोटभर तोंडात घेतलं.

“कसं हाय?” बाबांनी विचारलं.

“ऑइलिंग छान झालंय,” मी म्हणालो.

सगळी मीटिंग हसली. ग्रीसची चव होती खरी. पण ग्रीसच्या खाली पाणी खारट नव्हतं, हे मला त्याच क्षणी जिभेवर कळलं होतं. ते मी सांगितलं नाही. हशा मिळाला होता, तो कशाला घालवा?

बाबांचा मुलगा तिथेच होता. पन्नाशीचा, वालीवला त्याचं लहानसं वर्कशॉप आहे, लेथवर मशीनचे पार्ट काढतो. भला माणूस. मीटिंग पांगल्यावर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “काका, तुम्ही तरी यांना समजवा. गेल्या महिन्यात मम्मीला हाक मारली किचनमध्ये. मम्मी जाऊन नऊ वर्षं झाली. मागच्या रविवारी मिस्सा सुटून दीड तास घरी नाही. मी बाइक घेऊन सगळं फिरलो. हे कुठे, तर कोपऱ्यावरच्या क्रूसापाशी बसलेले. डॉक्टर म्हणतात लक्ष ठेवा. मी म्हणतो चावी द्या, मी सोडतो, मी आणतो. ऐकत नाहीत.”

“क्रूसापाशी सावली हाय म्हनून बसलो,” बाबा मागून म्हणाले. त्यांना ऐकू उत्तम येई.

“आणि आता हे बावखल. पप्पा, मी ह्याच वाडीत वाढलो. विहीर होती, पंप होता. बावखल कुठे होतं?”

“तुज्या जन्माआधी बुजवलं.”

“कोणी?”

“माज्या बापानं.”

“का?”

बाबा खिशातली चावी चाचपू लागले.

“बघा काका. ‘का’ विचारलं की असं.”

इथे मी तोंड घातलं. वाचनालयात एक जुना नकाशा पुन्हा छापायचं चाललं होतं आणि ते काम माझ्याकडे होतं. मी ऐटीत म्हणालो, “भांडता कशाला? इंग्रजांच्या वेळच्या सर्वेचा नकाशा येतोय. त्यात वाडीन् वाडी आहे. बावखल असेल तर दिसेल.”

बाबांनी खिशातली चावी काढून आमच्यापुढे धरली. “नकाशात असलं तर ही माज्याकडं. नसलं तर तुजी. मग तू नेशील तसा जाईन.”

“डन,” मुलगा म्हणाला. हसलाही. मला वाटतं त्याला मनातून बाबांनीच जिंकायला हवं होतं.

तर नकाशा. आमच्या वाचनालयात इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापिका येतात, त्यांना सगळे ‘बाई’ म्हणतात. गावचा इतिहास शोधणाऱ्यांना प्रत्येक वेळी मुंबईला जाऊन कुणाकुणाचे पाय धरावे लागू नयेत, म्हणून त्यांनी एका जुन्या सर्वे-नकाशाचं स्कॅन मिळवलं. आमच्या भागातल्या वाड्या, त्यांच्यामधल्या अरुंद वाटा म्हणजे पाखाड्या, देवळं, चर्च, क्रूस सगळं त्यात. तो जशाच्या तसा छापून ठेवायचा, ज्याला हवा त्यानं न्यावा, असा बेत. छापखान्यातला माणूस म्हणून काम माझ्याकडे आलं. नेमक्या त्याच वेळी बाई मुलीच्या बाळंतपणाला बंगळूरला गेल्या. जाताना फोनवर म्हणाल्या, “अहो, जसा आहे तसा छापा. एका टिंबालाही हात लावू नका.”

हो म्हटलं. लॅपटॉपवर नकाशा उघडला आणि माझे हात शिवशिवायला लागले.

मूळ कागद कापडावर डकवलेला, घड्यांवर झिजलेला. त्यावर वाळवीची भोकं होती, बुरशीचे ठिपके होते, कुणाच्या तरी चहाच्या कपाचं अर्धं वर्तुळही होतं. आणि स्कॅन काळंपांढरं. बाकी नकाशा इतका रेखीव, आणि त्यावर जिकडेतिकडे हे करडे डाग. मी स्वतःला समजावलं की बाई टिंब म्हणाल्या, डाग म्हणाल्या नाहीत. टिंब नकाशाचं असतं, डाग वाळवीचा असतो. हे तर्कशास्त्र मला त्या दुपारी फार चोख वाटलं.

काँप्युटरवर डाग काढायचं साधन माझ्या जुन्या ब्रशासारखंच चालतं. डागावर ठेवायचं, दाबायचं, डाग गेला. खाली कोरा कागद. बोटांना तीस वर्षांचं काम परत मिळालं. पहिल्या दुपारी वरचा कोपरा झाला, दुसऱ्या दुपारी अर्धा नकाशा. बायको चहा घेऊन आली तेव्हा म्हणाली, “किती मन लावून करताय. घरातल्या भिंतीवरचे डाग काढताना असं लक्ष लागत नाही.” मी म्हटलं, “त्याला प्रोसेसचा माणूस लागतो.”

तिसऱ्या दुपारी आमच्या गल्लीपाशी आलो. कोपऱ्यावरचा क्रूस लगेच सापडला. तिथून रस्ता वळतो, मग पाखाडी, मग बाबांची वाडी. वाडीच्या एका बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा करडा डाग होता. तो मला चांगला आठवतो, कारण त्यानं मला त्रास दिला. डागाची कड वाडीच्या हद्दीच्या रेघेला चिकटलेली; डाग उडवला की रेघही तुटायची. मी डाग काढला आणि मग तुटलेली रेघ हातानं पुन्हा ओढली. इतकी जुळली की मलाच सापडेना मूळ कुठली आणि माझी कुठली. बायकोला बोलावून दाखवली. ती चष्मा वर करून म्हणाली, “छान.”

बावखल असेल तर दिसेल, असं मीच सांगितलं होतं. तरी त्या डागाशी अर्धा तास झटताना माझ्या डोक्यात बावखल आलं नाही. माझ्या मनात बावखल म्हणजे निळं काहीतरी होतं, आत बारीक लाटा काढलेलं, शाळेच्या नकाशात असतं तसं.

नकाशा छापून आला. जाड कागद, टोकं कुरकुरीत. वाचनालयाच्या हॉलमध्ये एक मोठी प्रत भिंतीवर लावली आणि रविवारी सकाळी लोकांना बोलावलं. पुष्कळ आले. अर्नाळ्याहून आलेल्या एका मावशींनी किल्ल्यावर हात ठेवून आपलं घर किल्ल्यापासून मोजलं. नालासोपाऱ्याचे एक गृहस्थ आपली बिल्डिंग शोधत राहिले. नकाशाच्या काळात ती अजून बांधलेली नाही, हे त्यांना पटेना. मला शाल-नारळ मिळाला. दोघातिघांनी विचारलं, “यात बावखलं कशी नाहीत?” तेव्हा मी खांद्यावरची शाल सावरून सांगितलं, “एवढ्या लहान गोष्टी अशा नकाशात दाखवत नाहीत.” हे मी कुठे वाचलं होतं? कुठेही नाही. शाल अंगावर असली की माणसाला माहिती सुचते.

मग बाबा आले. मुलाबरोबर, कोट घालून. त्या उकाड्यात तो कोट बघून मला हसू आलं होतं. खिशातून भिंग काढलं. नकाशाला नाक लागेल इतके जवळ गेले आणि बोट लावलं.

“ही पाखाडी,” ते म्हणाले. “हा क्रूस. हितून वळायचं.” बोट वळलं. “ही वाडी. ही आमची. ही हद्द.”

बोट हद्दीवरून सरकत गेलं. ती रेघ मी काढलेली होती. बोट त्या रेघेवरून जाताना मला लाजिरवाणा आनंद झाला, कसलीही ठेच नाही, किती सफाई. बोट पुढे गेलं, परत मागे आलं. पुन्हा पुढे. हॉलमध्ये लोक बोलत होते, कुणीतरी पेढे वाटत होतं. बाबांनी भिंग पुसलं आणि परत पाहिलं.

“पप्पा, चला, बसा थोडं,” मुलगा म्हणाला.

“नाय हितं,” बाबा म्हणाले. वाद घातला नाही. त्यांनी खिशातून चावी काढली, काळ्या दोऱ्यासकट मुलाच्या हातावर ठेवली आणि त्याची बोटं स्वतः मिटवली. मुलगा म्हणाला, “राहू द्या हो, मस्करी होती ती.” बाबा म्हणाले, “मी मस्करी नवती केली.”

संध्याकाळी ते मला पार्किंगमधल्या बाकावर दिसले, लिफ्टसमोर. पंप चालू होता. मी शेजारी बसलो. धीर द्यावा म्हणून, देवाशपथ.

पंपाच्या पाइपातून पडणारं पाणी ते बघत होते. मग म्हणाले, “प्रेसवाले, माजी एक बहीन होती. पाच वर्षांची. मी नऊचा. आई तिला माज्यावर सोपवून बाजारात गेलेली. मी आंब्यावर चढलो कैऱ्यांना. खाली बघतो तर ती नाय. पान्यावर तिचा फ्रॉक फुगलेला.” त्यांनी दोन्ही हातांनी तो फुगा हवेत दाखवला, केवढा ते. “बापानं पंधरा दिवसांत बावखल बुजवलं. गाडीनं माती आनून. बोलला, घरात परत ह्याचं नाव काडायचं नाय. कोनी नाय काडलं. मी माज्या बायकोला पन नाय सांगितलं. पोराला काय सांगनार?”

त्यांनी लिफ्टच्या दाराकडे बोट केलं.

“रोज मिस्साला जातो तो तिच्यासाठी. सकाळी खाली उतरलो की हितं उबा ऱ्हातो मिनिटभर, मग जातो. आता नकाशात बावखलच नाय.” ते माझ्याकडे वळले. “मग ती कुटं बुडली?”

माझ्या आयुष्यातल्या सगळ्या चुका एका ओळीत उभ्या केल्या, तर त्या तिळाची आणि त्या डागांची चूक मागे राहील आणि पुढच्या वाक्याची सगळ्यांत पुढे उभी राहील. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणालो, “बाबा, आपल्या वयात आठवणींची सरमिसळ होते. दुसऱ्या कुणाच्या वाडीत असेल. नकाशा खोटं बोलत नाही.”

त्यांनी मान हलवली. शाळेत उत्तर चुकल्यावर मुलं हलवतात तशी. “आसंल,” म्हणाले. “सरमिसळ आसंल.”

त्यानंतर ते एकटे बाहेर पडेनासे झाले. रविवारी मुलगा बाइकवरून मिस्साला नेई, इतर दिवशी त्याला वर्कशॉप उघडायचं असे. बाबा खिडकीत बसत. आधी त्यांना काही विचारलं की सांगत, अमक्याचं घर कुठे होतं, रहाट कुणाचा, पानवेल कुणाची. आता म्हणत, “मला नका विचारू. माजं काय खरं नाय.” सूनबाई एकदा जिन्यात म्हणाली, “हल्ली मीठ टाकलं का ते पण मला विचारतात, घास तोंडात असताना.” डॉक्टरकडे नेलं. गोळ्या वाढल्या.

दोन महिन्यांनी बाई बंगळूरहून आल्या. मी नकाशाची प्रत घेऊन त्यांच्याकडे गेलो, शाबासकी घ्यायला. त्यांनी ती जेवणाच्या टेबलावर पसरली, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. पाहत राहिल्या. बाळ आतल्या खोलीत रडत होतं, मुलगी माहेरी आली होती.

“पाणी कुठे गेलं?” बाई म्हणाल्या.

मला वाटलं प्यायला मागतात. मी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

“अहो, बावखलं. विहिरी. मूळ नकाशात त्या निळ्या रंगानं भरल्यात. स्कॅन काळंपांढरं म्हणून करड्या दिसत असतील.”

“डाग होते ते,” मी म्हणालो. म्हणताम्हणता मी खुर्ची ओढून बसलो.

त्यांनी काँप्युटर लावला. मूळ स्कॅन उघडलं आणि कोपऱ्यातली खुणांची यादी मोठी करून माझ्यापुढे केली. करडा ठिपका, आणि त्यापुढे इंग्रजीत लिहिलेलं, तळं. ती यादी मी वाचलीच नव्हती, तिच्यातला ठिपकाही डाग समजून पुसला होता. काही डाग खरोखर डाग होते, तेवढं त्यांनी मोठ्या मनानं मान्य केलं. मग आम्ही माझा नकाशा आणि मूळ नकाशा शेजारी ठेवून पाहत गेलो. वाडीमागून वाडी. डावीकडे पाणी, उजवीकडे कोरं. बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “भरणीवाल्यांना तुमचा पत्ता द्यायला हवा.” मीही हसलो, सवयीनं.

आमच्या गल्लीपाशी पोचलो तेव्हा मी त्यांना थांबा म्हणालो. क्रूस, वळण, पाखाडी, वाडी. हद्दीला चिकटलेला तांदळाचा दाणा.

त्याची प्रत काढून घेतली आणि तसाच बाबांच्या घरी गेलो. वाटेत ठरवलेली वाक्यं बरीच होती, दारात एकही राहिलं नाही. मुलानं दार उघडलं. मी कागद पुढे केला आणि म्हणालो, “माझी चूक आहे. बावखल होतं. मी पुसलं.”

मुलगा कागद घेऊन दिव्याखाली गेला. मी सगळं सांगितलं, डाग, रेघ, सगळं. बहिणीचं सांगितलं नाही. ते माझं नव्हतं. तो खाली बघत म्हणाला, “लिफ्टच्याच जागी आहे, काका.” मग आत गेला आणि चावी घेऊन आला. काळा दोरा तसाच होता. ती त्यानं खिडकीतल्या बाबांच्या मांडीवर ठेवली. “पप्पा, तुमचं बरोबर होतं. मला माफ करा. घ्या.”

बाबांनी आधी कागद मागितला. भिंग लावून पाहिलं. आता बोट लगेच थांबलं.

“हितं हाय,” ते म्हणाले.

“होतंच, बाबा,” मी म्हणालो. “तुम्ही बरोबर होता. तुमचं सगळं बरोबर आहे.”

“पयल्यात नवतं.”

“पहिला मी बिघडवला.”

“हां.” त्यांनी भिंग खिशात ठेवलं. “तुम्ही भला मानूस, प्रेसवाले. म्हाताऱ्यासाटी काडून आनलंत.”

“काढलं नाही हो. मुळात आहे.”

“आसंल,” ते म्हणाले, त्या संध्याकाळसारखंच. कागदाची नीट घडी केली आणि मला परत दिली. चावी उचलून मुलाकडे दिली. “ठेव तुज्याकडं. उद्या हे तिसरा आनतील, त्यात परत नसंल.”

मुलानं मला जिन्यापर्यंत सोडलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

नकाशा पुन्हा छापला. जसा होता तसा, वाळवी आणि चहाच्या कपासकट. आधी नेलेल्यांच्या घरी मी स्वतः बदलून द्यायला फिरलो. एका इस्टेट एजंटनं पहिला नकाशा फ्रेम करून ऑफिसात लावला होता. तो म्हणाला, “काका, हा राहू द्या. हाच क्लीन आहे. दुसरा बघून पार्टी विचारेल खाली पाणी आहे का.” तो अजून तिथे लटकतो आहे. जाता-येता मला माझी रेघ दिसते.

आणि मी पहाटे उठायला लागलो. आयुष्यभर सातच्या आत डोळा न उघडलेला माणूस. मुलाकडून चावी घ्यायची, बाबांना घेऊन मिस्साला जायचं. मी शेवटच्या बाकावर बसतो. सगळे उभे राहिले की उभा राहतो, बसले की बसतो, आणि बहुतेक वेळा एका हालचालीनं मागे असतो. पहिल्याच आठवड्यात सगळे गुडघ्यांवर टेकलेले असताना मी एकटा ताठ उभा होतो. पुढून बाबांनी मागे वळून पाहिलं आणि ते हसले. खूप दिवसांनी.

खाली उतरलो की लिफ्टसमोर मी मुद्दाम रेंगाळतो. चपलेचा पट्टा ओढतो, मोबाइल बघतो, म्हणजे त्यांना त्यांचं मिनिट मिळावं. ते थांबत नाहीत. फाटकाशी जाऊन माझी वाट बघतात.

मग आम्ही निघतो. चर्चकडे वळायचं ते क्रूसापाशी, डावीकडे. चौऱ्याऐंशी वर्षं ते तिथे वळत आलेत. पाय आपोआप वळतात, मी पाहिलंय. अर्धं पाऊल डावीकडे पडतंसुद्धा. मग ते पाऊल मागे घेतात आणि माझ्याकडे बघतात.

“इकडंच ना, प्रेसवाले?”

“इकडंच, बाबा.”

“नक्की?”

“नक्की,” मी म्हणतो, आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून वळेपर्यंत तिथे उभा राहतो.